चौथ्या माणसाचं माप

*नवरा अचानक गेला, त्याला सात महिने झाले. मुलगी बारा वर्षांची आहे, मुलगा सहाचा. मी ऑफिसला जाते, बिलं वेळेवर भरते, मुलांच्या शाळेचं बघते. फक्त स्वयंपाक होत नाही. आधी मी रोज दोन वेळा करायचे, आवडीने करायचे.*

*सुरुवातीला लोकांनी डबे दिले, मग ते थांबले. आता ब्रेड, पाकिटातलं किंवा बाहेरचं. कधी केलंच तर हात चौघांचं माप घेतो. उरलेलं बघवत नाही, म्हणून पातेलं रात्रभर शेगडीवरच राहतं. मीठही कळत नाही. मीठ नेहमी तोच बघायचा. दोन महिन्यांपूर्वी धाकट्याने (इथे एका पदार्थाचं नाव लिहून खोडलं आहे) मागितलं. ते त्याच्या बाबांच्या आवडीचं. मी त्याच्यावर ओरडले. तेव्हापासून तो काहीच मागत नाही. गेल्या आठवड्यात लवकर घरी आले तर मुलगी भावासाठी अंडी करत होती. म्हणाली, "मी रोजच करते, आई. तू दमून येतेस." मला शरमेने मान वर करवेना. दुःखाच्या पायऱ्या असतात म्हणे. मी नेमकी कुठल्या पायरीवर अडकले आहे?*

*ता. क. फ्रीजरमध्ये त्या पदार्थाचा एक डबा अजून आहे, तो गेला त्याच आठवड्यातला. टाकवत नाही, उघडवतही नाही. काय करू?*

*– एक आई*

प्रिय ताई,

त्या पदार्थाच्या नावावर तुम्ही इतक्या जोराने रेघा मारल्या आहेत की कागद मागून फाटलाय. नाव काय असेल हे शोधायच्या भानगडीत मी पडले नाही. पण त्याच्याकडे यावं लागेलच, खरी गोम तिथेच आहे.

आधी लेकीचं बघू, कारण ते आजच्या आज करायचं आहे. घरात मोठं माणूस नसताना शेगडी पेटणार नाही, असा नियम आज संध्याकाळी करून टाका. बारा वर्षांच्या मुलीला अंडी करता येतात यात नवल नाही. पण तिच्या पायात सहा वर्षांचा भाऊ घुटमळत असतो, तेल तापलेलं असतं आणि काही झालंच तर हाकेला कुणी नसतं. तुम्ही पोचेपर्यंत पोटाला आधार म्हणून फळं, दही, सकाळीच उकडून फ्रीजमध्ये ठेवलेली अंडी असं काहीतरी हाताशी राहू द्या.

नियम सांगताना सूर सांभाळा. तो रागावल्यासारखा लागला तर आपण चोरी करताना सापडलो असं तिला वाटेल. तिने घरातलं एक काम पडलेलं पाहिलं आणि उचललं, एवढंच झालंय. आणि हो, "किती शहाणी गं तू" असंही म्हणू नका. बाप गेलेल्या घरातल्या थोरल्या मुलीला हे वाक्य येताजाता ऐकू येत असतं, आणि दर वेळी तिचं लहानपण वीतभर आखडतं. तिला सरळ सांगा: "भावाला तू जेवू घालत होतीस, ते मला कळलं. ते काम माझं आहे आणि मी ते परत घेतेय. मला पुन्हा जमेपर्यंत जेवण साधंच असेल." पुढे काही बोलू नका. ती रडेल, चिडेल किंवा "बरं" म्हणून खोलीत निघून जाईल. या वयाच्या मुली तासाभरात तिन्ही करू शकतात.

तिला स्वयंपाकघराबाहेर मात्र काढू नका. सुटीच्या दिवशीची अंडी तिचीच. तुम्ही शेजारी उभ्या, आणि सल्ले द्यायचे नाहीत. कवच पडलं तर पडलं.

ऑफिस जमतं, बिलं जमतात, मग स्वयंपाकच का नाही, असा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तो पत्रभर आहे. मला वाटतं, ऑफिसात काम समोर येऊन पडतं. कुणीतरी मागतं, तारीख सांगतं, आठवण करतं. स्वयंपाक आधी डोक्यात उभा करावा लागतो. घरात काय आहे, काय संपलंय, कोण काय ताटात टाकून देतं, भात आधी लावायचा की भाजी आधी चिरायची. हात एकीकडे, लक्ष दुसरीकडे. तीन-चार गोष्टी एकाच वेळी ध्यानात धरून ठेवायची जी ताकद लागते, तीच दुःखात पहिल्यांदा आटते. झोप तुटकी असली की आणखीच. माणूस फ्रीज उघडून उभं राहतं आणि कशासाठी उघडला तेच आठवत नाही. तुम्ही आळशी झालेल्या नाही, की वाईट आई झालेल्या नाही.

दुसरं कारण नाकाचं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या नाक्यावरून पुढे जातं. वास तो नाका न लागता, भावना आणि आठवणी हाताळणाऱ्या भागांपर्यंत जवळजवळ थेट पोचतो. म्हणूनच की काय, भिंतीवरच्या फोटोसमोरून माणूस दिवसातून दहा वेळा धडपणे जातं आणि परतलेल्या कांद्याच्या एका वासाने मटकन खाली बसतं. तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे वास न सुटणारा स्वयंपाक करा. उकडलेले बटाटे, भात, वाफवलेल्या भाज्या, अंडी, सूप. परतणं, तळणं, खमंग करणं पुढे कधीतरी. बेचव म्हणून कुणी नाक मुरडलं तर मुरडू द्या. ती मुलं आहेत, मुरडणारच.

पायऱ्यांचं थोडक्यात सांगते. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार अशा पाच पायऱ्यांची ती यादी एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी 1969 साली मांडली, आणि ती मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडली होती. मागे राहिलेल्यांना ती नंतर चिकटली. तुम्ही कुठल्याच पायरीवर अडकलेल्या नाही, कारण असा जिनाच नाही. मला तुमच्यासाठी जास्त कामाची वाटते ती मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या अभ्यासकांनी 1999 साली मांडलेली गोष्ट. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दुःखातला माणूस दोन बाजूंमध्ये हेलकावे खात असतो. एका बाजूला गेलेला माणूस आणि त्याची ओढ, दुसऱ्या बाजूला बिलं, शाळा, उद्याचा दिवस. कधी इकडे, कधी तिकडे, आणि मधूनच दोन्हींतून सुटी. हे हेलकावेच माणसाला हळूहळू सावरतात. तुमच्या दिवसात ऑफिस ही एक बाजू आहे, रात्रीचं अंथरूण ही दुसरी. ओट्यापाशी मात्र दोन्ही बाजू एकाच जागी येतात. हातात काम आहे, आणि चमचा पुढे करून चव बघणारा शेजारी नाही. अशा जागी तासभर टिकणं अवघडच. म्हणून वीस मिनिटं ठरवा. वीस मिनिटांत जे होईल ते आजचं जेवण. आठवड्यातून तीन दिवस. बाकीचे चार दिवस ब्रेड आणि पाकिटं खुशाल चालू द्या. गेले सात महिने तुमची मुलं त्यावर तगली आहेत, आणखी दोन महिन्यांनी काही बिघडत नाही. तीन दिवस कुठले, ते मात्र मुलांना सांगून ठेवा. आज जेवण कुठून येणार हे सकाळीच माहीत असणं त्यांना पदार्थापेक्षा जास्त लागतं.

आता माप. हाताला आकडा कळत नसतो, भांडं कळतं. त्याच पातेल्यात तीन माणसांचं करायचं असं कितीही घोकलंत तरी हात नेहमीच्या रेषेपर्यंत भरणार. ते पातेलं फडताळात वर ठेवा, टाकू नका, आणि एक लहान भांडं शेगडीवर आणा. ते भरलं की माप झालं. पहिल्यांदा ते भांडं हातात घेताना त्रास होईल, कारण त्यात चौथ्याची जागाच नाही. तो त्रास मला टाळता येत नाही. पण तो एकदाच भांड्यापाशी होतो. रोज रात्री उरलेल्या भातापाशी होत नाही.

उरलेल्याचं एक कडकपणे सांगते. रात्रभर शेगडीवर राहिलेला भात मुलांना देऊ नका, गरम करूनही नाही. भातात एका जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यावरही टिकतात, आणि भात कोमट राहिला की वाढून विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवल्याने जात नाही. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये जायला हवं, उथळ डब्यात, म्हणजे लवकर गार होतं. तुम्हाला ते पातेलं बघवत नाही हे समजतं मला. मग जेवण वाढतानाच, ताटं मांडायच्याही आधी, जास्तीचं डब्यात काढून टाका. उरण्याआधीच काढलं तर ते उरलेलं दिसत नाही. ही युक्ती मला एका विधुर शेजाऱ्याने सांगितली होती. तो स्वयंपाकात अगदीच ढ होता, पण हे त्याला बरोबर सुचलं.

आणि रडू आलं तर आधी गॅस बंद. माझी आई गेली त्या महिन्यात मी दूध ठेवून बाल्कनीत गेले आणि भांडं पार कोळसा झालं. तेव्हा घरात मी एकटी होते. तुमच्या घरात मुलं आहेत. शेगडी पेटवली की फोनवर गजर लावायचा आणि स्वयंपाकघर सोडायचं नाही.

मिठाचं सोपं आहे. कमी घाला आणि मिठाची वाटी टेबलावर ठेवा, ज्याचं त्याने घ्यावं. दुःखात पुष्कळांना जेवण पांचट लागतं, तुमच्या जिभेवर सध्या विसंबू नका. मीठ बघायचं काम मुलीला मात्र देऊ नका. ती एका पायावर घेईल, म्हणूनच देऊ नका. ती जागा तिच्या बाबांची होती. ती एवढ्यात कुणी भरली नाही तरी चालेल. पुढे कधीतरी कुणी आपणहून चमचा घेऊन आलं, तर ते वेगळं.

मुलांनी किती खाल्लं याची मोजदाद सोडून द्या. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी जेवणाची एक वाटणी सांगितली आहे आणि ती मला फार पटते: काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती, हे मुलांनी. तुमचं काम निम्मं झालं. ताट समोर आलं की तुम्ही सुटलात. सध्या तुमच्या घरात "अजून एक घास" यावरून रोज भांडण व्हायला कुणाच्याही अंगात त्राण नाही.

आणि तुम्ही कुठे जेवता? पत्रात सगळ्यांच्या पोटाची चौकशी आहे, तुमच्या नाही. मला वाटतं तुम्ही उभ्याने, मुलं झोपल्यावर, ब्रेडची कड खाता. त्या तीन दिवशी तरी मुलांबरोबर बसा. भूक नसेल तर समोर फळाच्या दोन फोडी ठेवा. बाप टेबलावरून कायमचा उठून गेलाय; आईही बसत नाही, हे मुलांना दिसतं. चौथी खुर्ची काढायची की ठेवायची हे त्यांनाच विचारा. तुमच्या धाकट्याला कदाचित त्या खुर्चीवर दप्तर ठेवायचं असेल. ठेवू द्या.

धाकट्याकडे आता येते. ताई, तो दोन महिने काही मागत नाहीये, याची मला लेकीच्या शेगडीइतकीच काळजी वाटते. सहा वर्षांच्या मुलाकडे बापाबद्दल बोलायला फार शब्द नसतात. मरण म्हणजे माणूस परत येत नाही, हे मुलांना साधारण पाच ते सात या वयात हळूहळू उमगतं, तेही एका दमात नाही. तो दोन मिनिटं रडेल आणि तिसऱ्या मिनिटाला चेंडू घेऊन पळेल. तुम्हाला वाटेल, याला काही वाटतच नाही. त्याने तो पदार्थ मागितला, तेव्हा तो बाबांबद्दल बोलत होता. त्याला येत होतं तसं बोलत होता. त्यावर ओरडा बसला, आणि या घरात बाबांचा विषय काढायचा नाही, असा अर्थ त्याने लावला असणार. बहिणीनेही तोच लावला, आणि त्याला पुन्हा मागावं लागू नये म्हणून ती शेगडीपाशी गेली. तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या आहेत, मला ती एकच दिसते.

तुम्ही ओरडलात त्याचं मला काही वाटत नाही. कुणीही ओरडलं असतं. पण ते दुरुस्त करायचं राहिलंय. त्याच्याजवळ बसून सांगा: "तू मागे बाबांच्या आवडीचं मागितलं होतंस. मी ओरडले. तुझं काही चुकलं नव्हतं. मला बाबांची आठवण आली आणि मला ते सहन झालं नाही. तुला आठवण आली की मला सांग, मी ओरडणार नाही." तो विचारेल, "मग करशील?" खरं उत्तर द्या. "अजून नाही जमत. जमेल तेव्हा तुला आधी सांगेन." आणि "बाबा कधी येणार" असं त्याने विचारलं, तर "झोपलेत", "लांब गेलेत" असलं काही नको. लांब गेलेला माणूस परत येऊ शकतो, आणि झोपायची तर त्यालाही रोज रात्री भीती वाटेल. बाबांचं शरीर काम करायचं थांबलं, ते परत येणार नाहीत, हे त्याला कळेल अशा शब्दांत, पुन्हा पुन्हा सांगावं लागेल. जेवताना विचारलं तर जेवताना सांगा. घास गार झाला तरी चालेल.

तो पदार्थ पुन्हा कधी करायचा? स्वयंपाक पुन्हा सुरू केल्याच्या पहिल्या महिन्यात नाही. वाढदिवस, वर्षदिवस असल्या दिवशी तर मुळीच नाही, त्या दिवसांना स्वतःचंच ओझं असतं. एखाद्या साध्या दिवशी, मुलांना विचारून, निम्म्या मापाने. बिघडला तर बिघडू द्या. काही घरांत तो पदार्थ पुन्हा रोजचा होतो, काही घरांत वर्षातून एकदाच होतो, आणि काही बायका तो कधीच करत नाहीत. तिन्ही प्रकारच्या घरांतली मुलं मी धड मोठी झालेली पाहिली आहेत.

लोकांचे डबे थांबले, त्याबद्दल तुम्ही तक्रार केली नाही, ते तुमचं मोठेपण. पण "काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्यांना आता खरोखर सांगा. डबा मागू नका. चिरलेली भाजी मागा. "दर मंगळवारी एवढी भाजी चिरून देशील?" एवढं नेमकं सांगितलं की माणसं उलट सुटकेचा सुस्कारा टाकतात, काय करावं हे त्यांनाही कळत नसतं. वीस मिनिटांतली दहा मिनिटं चिरण्यातच जातात, ती वाचतील.

एक मात्र नजरेआड करू नका. मुलांची वजनं उतरायला लागली, रोज पोटात दुखू लागलं, शाळा आठवडेच्या आठवडे नको झाली, तर डॉक्टरांना दाखवा. तुमचंही तसंच. लांबलेल्या दुःखाला आता वैद्यकात नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान 6 महिने धरले आहेत, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 2022 च्या निकषांत मोठ्यांसाठी 12. महिने मोजत बसायचं कारण नाही. दिवसच्या दिवस उठवत नसेल, अन्न जातच नसेल, तर समुपदेशकाकडे जा. आपणही नसावं असा विचार मनात डोकावला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि जवळच्या एका माणसाला सांगा. पत्रावरून मला तसं वाटलं नाही, पण पत्रात माणूस सगळं लिहीत नाही.

राहिला तो डबा. तो टाकायची काही घाई नाही. फ्रीजर उणे 18 अंशांवर असेल तर आत जंतू वाढत नाहीत, चव आणि पोत तेवढा उतरतो. फ्रीजरमधली वीतभर जागा तुम्हाला लागत नसेल, तर तो तिथे दोन वर्षं राहिला म्हणून कुणाचं काही अडत नाही. पुढे एखाद्या दिवशी तुम्ही तो उघडाल, किंवा न उघडता टाकाल. मी असते तर न उघडता टाकला असता, पण तुम्ही मी नाही.

एवढंच करा: डब्यावर एक चिठ्ठी लावा आणि आत काय आहे ते मुलीला सांगा. ती त्याच फ्रीजरमधून भावासाठी काहीतरी शोधत असते.